कूलर बंद करून ऐकायचं

होळीची राख निवते न निवते तोच आमच्या गल्लीत कूलर खाली उतरायला लागतात. कुणाचा माळ्यावरून, कुणाचा गच्चीवरून, कुणाचा न्हाणीघराच्या छपरावरून. आठ महिने जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली ती पत्र्याची पेटी अंगणात येते, टाकीतला गंज खरवडला जातो, तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत लाकडाच्या बारीक तंतूंची नवी घास भरली जाते. पहिल्यांदा पाणी सोडलं की त्या ओल्या लाकडी घासेचा वास अख्ख्या घराला लागतो. पुस्तकात ऋतू सहा असतील. अमरावतीत दोनच आहेत, कूलर लावलेला आणि कूलर काढलेला. आमच्याकडे लग्नाच्या तारखासुद्धा लोक मंगल कार्यालयात कूलर किती आहेत ते विचारून धरतात.

यंदाही तो वास आला. मी खिडकीकडे पाठ करून पेपर वाचत होतो. मानेवर गार वारा लागला म्हणून वळून पाहिलं, तर कूलर सुरू होता. माझी बायको मंदा बटणापाशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. बहुधा बराच वेळ पाहत असावी. आमचा कूलर काही कुजबुजणारा नाही. तो लागला की समोरच्या घरातले लोक आपला टीव्ही वाढवतात. मी उगाच मान हलवली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आधीच सांगून टाकतो, उगाच आशा नको. माझे कान चालले आहेत. गेलं ते परत यायचं नाही आणि उरलंय तेही टिकायचं नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे. कानातलं मशीन घेऊन झालं. त्याने आवाज मोठा होतो पण समजत नाही; बंद दारावर कुणी नुसत्याच थापा मारत राहावं तसं वाटतं. ते आता टेबलाच्या खणात पडून असतं. तेव्हा या लेखात पुढे कुठे चमत्कार होईल म्हणून कुणी वाट पाहू नये. मला फक्त गेल्या वर्षीच्या कूलरच्या दिवसांबद्दल लिहायचं आहे. त्या दिवसांत मी एक जुना संगणक पुन्हा उभा केला आणि त्याचा आवाज घालवण्यासाठी जिवाचं रान केलं.

मी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो. माळ्यावरून कूलर काढताना त्याच्यामागे एक पेटी हाताला लागली. पिवळट पडलेलं कॅबिनेट, समोर फ्लॉपीची खाच, बाजूला वटवाघळाची लेंडी. ही अकोल्याची पेटी. तीस वर्षांपूर्वी अकोल्यात एका दुकानावरच्या खोलीत मी संगणकाचा क्लास चालवायचो, त्यातलं हे शेवटचं यंत्र, त्या काळचा ४८६ संगणक. तेव्हा पोरं बाहेर चपला काढून आत यायची. संगणकाला धूळ चालत नाही असं मीच त्यांना सांगितलं होतं. पंख्याचा वारा थेट पडू नये म्हणून त्यावर फुलाफुलांचं कापड झाकायचो. आज हसू येतं, पण त्या कापडाला मंदाने झालर शिवली होती. ती झालर अजून मला बोटांनी आठवते.

भाच्याने फोनवर सांगितलं की मामा, त्या यंत्रावर जे व्हायचं ते सगळं आता मोबाईलमध्ये होतं, फुकट. होत असेल. पण मोबाईल उघडला की तो आधी आपल्यालाच चार गोष्टी सांगतो. ते जुनं यंत्र चालू केलं की काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहते आणि तुम्ही काही सांगेपर्यंत ते गप्प बसतं. निवृत्त माणसाला या गोष्टीची किंमत कळते. सकाळी दहा वाजले की घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. ती रेघ तरी विचारत होती.

म्हणून पेटी मांडीवर घेऊन मी एसटीने अकोल्याला गेलो. कंडक्टरने आधी मिक्सर आहे का विचारलं, मूर्तिजापूरला चढलेल्या एका बाईने देव आहे का विचारलं. अकोल्यात गजाननचं मोटार बांधायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, दुकान आहे. क्लासचे सगळे संगणक तेव्हा त्यानेच जोडले होते, कारण त्याच्या मते ज्याला जळलेली मोटार बांधता येते त्याला काहीही बांधता येतं. आता तो उन्हाळाभर कूलरच्या मोटारी बांधतो. दुकानात तांब्याच्या तारेचा आणि वॉर्निशचा वास, दारात कूलरच्या पात्यांचा ढीग. गजाननची एक सवय जुनी. मोटार तपासताना तो लांब पेचकसाचं टोक मोटारीला टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. डोळे मिटतो. कुठला बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे, ते त्याला हाडातून कळतं.

माझी पेटी त्याने तीन फेऱ्यांत उभी केली. मेमरीची दुसरी पट्टी कुठून तरी पैदा केली, कॅपॅसिटर बदलले, जुनी खरखरणारी हार्डडिस्क काढून तिच्या जागी कॅमेऱ्याचं एक जुनं मेमरी कार्ड बसवून दिलं. मी घरी आणून टेबलावर मांडलं, बटण दाबलं आणि तीस वर्षांनी ती रेघ लुकलुकली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मंदा स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसत म्हणाली की बाकी ठीक आहे, पण आवाज फार करतं.

मंदा हळू बोलते. वऱ्हाडात हा जवळजवळ गुन्हा आहे. आमच्याकडे साधं ‘चहा घेता का’ म्हटलं तरी पुण्याच्या माणसाला भांडण लागल्यासारखं वाटतं. मंदाचं माहेर अंजनगाव सुर्जीचं, घरात आठ भावंडं, सगळी खणखणीत. त्यात हिचाच आवाज असा का, ते कुणाला कळलं नाही. लग्नात माझ्या मावशीने पोरगी मुकी तर नाही ना म्हणून चौकशी केली होती. मी पहिल्यापासून तिच्या आवाजावर भाळलो होतो, तिला मात्र कधी तसं बोललो नाही. आता बोलून उपयोग नाही असंही नाही, पण ती त्यावर जे म्हणेल ते मला ऐकू येणार नाही.

तर आवाज. मी हट्टाला पेटलो. हे यंत्र असं शांत करीन की शेजारी बसलेल्या माणसाला चालू आहे की बंद ते कळू नये. आधी पंख्याला शिलाई मशीनचं तेल दिलं. मग पेटीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून लावले. मग गजाननच्या सांगण्यावरून पंख्याची तार दुसरीकडे जोडली, म्हणजे तो निम्म्या जोराने फिरेल. पण चैत्र सरून वैशाख लागला होता, खोलीच तापलेली, त्यात पंखा हळू केला की आतली चिप हाताला चटका देई. म्हणून टेबल ओढून थेट कूलरसमोर आणलं. नळाला पाणी नसेल तेव्हा कूलरमध्ये बोअरचं पाणी पडायचं, आणि आमच्या बोअरला खारपाणपट्ट्याची खारट चव आहे. महिनाभरात कूलरच्या जाळीवर पांढरी पुटं धरली. तोच ओला खारा वारा संगणकाच्या पोटातही जात होता, हे मला सुचलं नाही.

कूलर सुरू असताना दुसरा कुठलाच आवाज कळत नाही. म्हणून प्रत्येक दुरुस्ती झाली की मी कूलर बंद करायचो. पातं फिरत फिरत थांबायचं, घासेतून ठिबकणारं पाणी थांबायचं, आणि मग मी घाम पुसत कान देऊन ऐकायचो. दर वेळी यंत्र आधीपेक्षा शांत वाटायचं. तेल दिलं, कमी झालं. ट्यूब लावली, आणखी कमी झालं. मंदा म्हणायची की येतोच आवाज, बारीक शिट्टीसारखा. मी म्हणायचो की तुझे कान फार लाडावलेले आहेत. मृगाच्या तोंडावर मी एक दिवस कूलर बंद केला, ऐकलं, आणि काहीच ऐकू आलं नाही. अगदी काही नाही. असा आनंद मला कॉलेजात सत्काराच्या दिवशीही झाला नव्हता. त्याच दिवशी मी गजाननला फोन लावला. तो काय म्हणाला ते नीट कळलं नाही, पण तेव्हा मी रेंजला दोष दिला.

अख्खा उन्हाळा मी फसलो होतो तो असा. कूलरच्या दिवसांत आमच्याकडे सगळेच ओरडून बोलतात, सगळेच दोनदा विचारतात, ‘काय म्हटलं?’ हा प्रश्न घराघरांतून येत असतो. त्या चार महिन्यांत एखाद्याचे कान गेले तर ते त्याला कळायचं कसं? दुसऱ्या कुठल्या गावात असतो तर चैत्रातच उमगलं असतं.

गजानन यंत्र बघायला आला तेव्हा ढग भरून आले होते आणि कूलर दोन दिवस बंद होता. मी ऐटीत यंत्र सुरू केलं. तो दारातच थांबला. मग जवळ येऊन त्याने खिशातला पेचकस काढला, टोक पेटीला लावलं, मूठ कानामागे. डोळे मात्र मिटले नाहीत. तो यंत्राकडे न पाहता माझ्याकडे पाहत होता.

“सर,” तो म्हणाला, “हे तं चिरकून राह्यलं. मले फाटकातूनच आयकू आलं.”

त्याने दहा मिनिटांत पंखा बदलला. मग मंदाशी आत जाऊन काही तरी बोलला. मला म्हणाला की कानात मळ असेल, दाखवून घ्या. गजानन खोटं बोलताना नाक चोळतो. तेव्हाही त्याने चोळलं.

डॉक्टरांनी विचारलं की कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतात का. मी नव्हतो, माझे वडील होते. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर. शाळा सुटली की मी त्यांचा डबा आणायला जायचो आणि कापसाचे तंतू उडत असलेल्या त्या शेडमध्ये तासन्‌तास बसायचो. तिथे कुणी बोलत नसे. पाणी हवं, पट्टा सरकला, साहेब आला, सगळं हातांच्या खुणांनी. वडील घरी आल्यावरसुद्धा भाकरी मागायला दोन बोटं दाखवायचे आणि आई चिडायची की तोंडाने बोला. म्हातारपणी त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. आम्ही भावंडं त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बिनधास्त बोलायचो. एकदा मी काही तरी लागेल असं बोललो आणि त्यांनी माझ्या ओठांकडे पाहून मान खाली घातली होती. त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ मला आता लागतो.

त्या शांत यंत्रावर मी जो पहिला खरा प्रोग्रॅम लिहिला तो हा. बेसिक भाषेत दहा-बारा ओळी. बटण दाबलं की पेटीतला छोटा स्पीकर एक शिट्टी वाजवणार, पुन्हा दाबलं की आधीपेक्षा बारीक, वरच्या सुरातली, पुन्हा दाबलं की आणखी बारीक. दर रविवारी सकाळी आम्ही बसायचो. मंदा बटणापाशी, मी यंत्राकडे पाठ करून कपाटाकडे तोंड. शिट्टी ऐकू आली की मी हात वर करायचा, शेवटचा हात कितव्या शिट्टीला गेला तो आकडा मंदाने वहीत लिहायचा. लोखंडी कपाटाला आरसा होता. त्यात दिसून मी लबाडी करू नये म्हणून मंदाने त्यावर टॉवेल टांगला. ती असल्या बाबतीत कडक आहे.

आषाढात मी अठरा शिट्ट्या ऐकल्या. गणपतीत बारा. नवरात्रात आठ. ज्या यंत्राची शिट्टी घालवायला मी उन्हाळाभर राबलो, त्याच यंत्राला शिट्टी वाजव म्हणून विनवत होतो. मंदाच्या बोलण्यातले सगळे स आणि श आधी गेले. मग शेवटचे शब्द. मग ती पाठमोरी असली की सगळंच. दर रविवारी आकडा लिहिताना तिचं पेन जरा थांबायचं, आणि त्या दिवशी ती जेवायची नाही धड.

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटावरचा टॉवेल धुवायला गेला आणि परत टांगला गेला नाही. त्या रविवारी मला चार शिट्ट्या ऐकू आल्या, पाचवी आली की नाही ते सांगता येईना. आणि आरशात मला मंदाचं कोपर दिसलं. बटण दाबताना ते जरासं हलायचं. मी पाचव्यांदा कोपर हललेलं पाहिलं आणि हात वर केला. तिने वहीत पाच लिहिले. पुढच्या रविवारी मला एकही शिट्टी ऐकू आली नाही. मी कोपराच्या हालचाली मोजल्या, पाच वेळा हात वर केला, सहाव्याला नाही. एका आठवड्यात सगळं कसं गेलं, असं वाटलं, पण चेहरा सरळ ठेवला. पुन्हा पाच. मंदा त्या दिवशी दोन पोळ्या जेवली. मग मी ठरवून टाकलं. कार्तिकात पाच, मार्गशीर्षात पाच, संक्रांतीला पाच. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि उतारवयात हा धंदा. ती मुलीला फोनवर सांगताना मी ओठ वाचले होते, की आता तिथेच थांबलंय, उतरत नाही.

परवा गजानन आमचा कूलर लावायला आला. दर वर्षी मी त्याला बोलावत नाही, यंदा मंदाने बोलावलं असावं. पंप बदलला, पातं सरळ केलं, आणि आलोच आहे तर म्हणून संगणकही झटकून देतो अशी खूण केली. झाकण काढून ब्रश फिरवता फिरवता त्याचा हात थांबला. त्याने चिमटीत एक बारीक तार धरून वर काढली. स्पीकरची. टोकाला हिरवी-पांढरी बुरशी चढल्यासारखी, आणि सांध्यापासून पार तुटलेली. मागच्या उन्हाळ्याचं खारं पाणी. माझ्या तोंडासमोर येऊन, ओठ नीट हलवत तो म्हणाला, “सर, हे तं कदीचंच तुटेल हाय. दिवायीच्याही आंधीचं असन.”

मंदा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. तिचे कान चांगले आहेत. म्हणजे पेटीतून काही वाजत नाही हे तिला त्या दुसऱ्या रविवारीच कळलं असणार. ती बटण दाबत होती, काही वाजत नव्हतं, तरी समोर बसलेला तिचा नवरा मोजून पाच वेळा हात वर करत होता. आणि तिने वहीत पाच लिहिले. एकदा नाही, चार महिने, दर रविवारी. पहिल्यांदा एकही शिट्टी ऐकू आली नाही त्या रविवारी माझे कान नव्हे तर ही तार गेली होती, हेही मला तेव्हा उमगलं. पण त्यात आनंद मानावा असं काही उरलं नव्हतं. तार तुटली तेव्हा चार ऐकू येत होत्या; आता मला समोरचा कूलरही ऐकू येत नाही.

मी मंदाकडे पाहिलं. ती कपाकडे पाहत होती. धुतलेला टॉवेल परत न टांगणारी तीच होती, हे मला त्या क्षणी आठवलं.

गजाननने सोल्डरिंग गन पिशवीतून काढून प्लगमध्ये घातली. दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन मिनिटांचं काम. मंदाने कप टेबलावर ठेवले. ती नेहमीप्रमाणे हळूच बोलली असेल. मला फक्त ओठ दिसले.

“राहू द्या, भाऊजी.”

गजाननने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. प्लग काढला, तार होती तशी आत सारली, झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले. मग यंत्र सुरू करून सवयीप्रमाणे पेचकसाचं टोक पेटीला लावलं आणि मूठ कानामागे. या वेळी त्याने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडले आणि माझ्याकडे पाहून तळहात आडवा हलवला. आवाज नाही. काहीच नाही.

काल रविवार होता. बाहेर ऊन रणरणत होतं. मी कपाटाकडे तोंड करून बसलो, मंदा बटणापाशी बसली, वही उघडली. मग आठवण झाल्यासारखी उठली आणि तिने कूलर बंद केला. खोलीत लगेच उकडायला लागलं. तिच्या कपाळावर घाम आलेला मला आरशात दिसत होता. तिचं कोपर हललं, मी हात वर केला. पुन्हा हललं, पुन्हा केला. आरशात आमची नजरानजर झाली, तिने नजर काढून घेतली नाही, मीही नाही. पाचव्यांदा मी हात वर केला, सहाव्यांदा नाही. तिने वहीत आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं, आणि उठून कूलर सुरू केला.